ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर व्हायचंय, पण परीक्षा कुठे द्यायची?

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय चौतीस, शिक्षण बी.कॉम., आठ वर्षं स्वतःची वॅगनआर चालवतात, पुण्याला-कोल्हापूरला एकट्या जाऊन येतात. सोसायटीतल्या तीन-चार जणींना त्यांनी हौसेने गाडी शिकवली, त्या आता बिनधास्त चालवतात. हेच पुढे काम म्हणून करायचं मनात आहे. त्यासाठी कोणता कोर्स, कोणती परीक्षा, इन्स्ट्रक्टरचं लायसन्स कुठे मिळतं, आणि ते मिळेपर्यंत शनिवार-रविवार आपल्याच गाडीवर फी घेऊन शिकवलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. फक्त बायकांनाच शिकवायचं ठरवलं तर धंदा होईल का, हेही.

मी सांगलीत मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. सुरुवात दुसऱ्याच्या स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून केली आणि अजूनही सकाळची बॅच स्वतःच घेतो, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

ताई, तुम्ही कागदाचं विचारलंय. ते सांगतोच. पण त्याहून अवघड गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही. गाडी चालवता येणं आणि गाडी शिकवता येणं यात बरंच अंतर आहे आणि ते अंतर कापायला आपल्याकडे कोणी मदत करत नाही. कागद मिळाला म्हणजे तुम्ही डाव्या सीटवर बसायला पात्र झालात. तिथे बसून करायचं काय, हे तुमचं तुम्हालाच शिकायचं आहे.

आधी शनिवार-रविवारचं निकाली काढू. नाही, चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 24 स्पष्ट आहे: मोबदला घेऊन ड्रायव्हिंग शिकवायचं तर स्कूलचं लायसन्स लागतं. नणंदेला, मैत्रिणीला फुकट शिकवलंत तर हरकत नाही. तिच्याकडे शिकाऊ लायसन्स हवं, गाडीला पुढे-मागे लाल एल हवा, आणि शेजारी तुम्ही पक्कं लायसन्स घेऊन अशा जागी बसायला हव्यात की गाडी थांबवता येईल. पाचशे रुपये घेतलेत की मामला बदलला. दंडापेक्षा मला जास्त भीती विम्याची वाटते. घरगुती वापराच्या पॉलिसीवर फी घेऊन शिकवताना कोणाला धक्का लागला, तर कंपनी पहिला प्रश्न वापराचाच काढणार. स्कूलच्या गाडीच्या पॉलिसीत प्रशिक्षणासाठी वापर असल्याचा उल्लेख करून घ्यावा लागतो, तो त्यासाठीच. शिवाय तुमच्या वॅगनआरला ड्युअल कंट्रोल, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक, नाही. आतापर्यंत काही झालं नाही हे तुमचं नशीब आणि त्या मैत्रिणींची हुशारी, एवढंच म्हणेन.

आता परीक्षेचं. इन्स्ट्रक्टर म्हणून व्यक्तीला वेगळं लायसन्स देणारी परीक्षा आपल्याकडे नाही. लायसन्स स्कूलला मिळतं. अर्ज फॉर्म 12 मध्ये, लायसन्स फॉर्म 11 मध्ये, मुदत पाच वर्षं, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या 60 दिवस आधी फॉर्म 13 मध्ये. त्या स्कूलमध्ये शिकवणारी माणसं नियमातल्या अटींत बसतात का, हे आरटीओ बघतं, आणि इन्स्ट्रक्टरची नावं-पत्ते स्कूलमध्ये सगळ्यांना दिसतील असे लावावे लागतात. म्हणजे तुमची पात्रता कुठल्यातरी स्कूलच्या नावाशी जोडूनच कामाला येते. ते स्कूल दुसऱ्याचं असेल किंवा तुमचं स्वतःचं.

अटी अशा. दहावी पास, तुम्ही बी.कॉम. आहात, विषय संपला. पाच वर्षांचा ड्रायव्हिंगचा अनुभव. लायसन्सवरची तारीख आठ वर्षांपूर्वीची असेल तर तोही झाला. वाहतूक चिन्हं आणि रस्त्याचे नियम पक्के माहीत हवेत. जुने 1989 चे रोड रेग्युलेशन्स जाऊन आता 2017 चे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स लागू आहेत, वाचायचे तर तेच वाचा. बाजारात जुनी पुस्तकं अजून विकली जातात. गाडीचे भाग दाखवून त्यांचं काम समजावता यायला हवं. मराठी किंवा इंग्रजी नीट यायला हवी. वर्तणूक चांगली असल्याची अट आहे, त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून ठेवा.

आणि एक अट, जिथे तुमचं घोडं अडणार आहे: मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र, किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधली त्याहून वरची पात्रता. तीही सरकारी संस्थेची किंवा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेची. ओळखीच्या गॅरेजवाल्याने लेटरहेडवर लिहून दिलेलं पत्र चालत नाही.

यासाठी सरळ रस्ता आयटीआयचा. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. वयाला वरची मर्यादा नाही, पण पूर्ण वेळ जायचं आणि वर्गात सोळा-सतरा वर्षांची पोरं, याची तयारी लागते. ते जमत नसेल तर मान्यताप्राप्त संस्थांचे कमी मुदतीचे मोटार मेकॅनिकचे कोर्स असतात. इथे मात्र पैसे भरायच्या आधी आपल्या आरटीओत जा, संस्थेचं नाव आणि कोर्सचं नाव लिहून द्या आणि हे प्रमाणपत्र चालेल का ते लेखी विचारून घ्या. कोर्सवाले 'आरटीओ अप्रूव्ड' असं बोर्डावर बिनदिक्कत लिहितात. मंजुरी देताना निरीक्षक कागद बघतो, बोर्ड नाही.

ही अट तुम्हाला जाचक वाटेल. मलाही ती अर्धीच पटते. आताच्या गाड्यांत बॉनेट उघडून घरच्या घरी करण्यासारखं फार उरलेलं नाही, आणि नियम मात्र अजून स्कूलमध्ये स्पॅनर सेट, जॅक, पंक्चर किट, ब्रेक शू, ब्रेक ड्रम हे सगळं ठेवायला सांगतात. पण ज्याने क्लच प्लेट हातात घेऊन बघितलीय तो 'गाडी बंद का पडते' याचं उत्तर एका वाक्यात देतो. बाकीचे 'हळू सोडा, हळू सोडा' एवढंच म्हणत राहतात.

हे झालं की वाटा तीन. एक, चालू स्कूलमध्ये नोकरी. दोन, स्वतःचं स्कूल: जागा, प्रशिक्षणासाठीच ठेवलेली ड्युअल कंट्रोलची गाडी, फळा, चिन्हांचे तक्ते, बाकं, फॉर्म 14 चं विद्यार्थ्यांचं रजिस्टर, कोणी किती तास गाडी चालवली ते लिहायचा फॉर्म 15, आणि मग निरीक्षकाची तपासणी. तीन, 2021 च्या नियमांनी आलेली मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं, जिथून हलक्या वाहनाचा 29 तासांचा कोर्स पूर्ण केला की आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. तिथे प्रशिक्षकाला बारावी आणि पाच वर्षांचा अनुभव मागतात; मेकॅनिकचा कागद हाताशी असला तर तिथेही वजन पडतं. अशा केंद्राला हलक्या वाहनांसाठीच एक एकर जागा लागते, त्यामुळे ते काढायचा विचार सध्या बाजूला ठेवा. नोकरी मिळाली तर अवश्य घ्या.

माझं मत विचाराल तर आधी नोकरी. किमान वर्षभर. स्वतःची गाडी, हप्ता, जागेचं भाडं डोक्यावर असताना शिकवायला शिकणं फार अवघड. महिन्याला अमुक इतके विद्यार्थी हवेतच अशी वेळ आली की सगळ्यात आधी काटछाट होते ती प्रत्येकाच्या वेळेत.

तर कागदाचा हिशेब थोडक्यात असा की मेकॅनिकचं प्रमाणपत्र सोडलं तर तुमच्याकडे सगळं आहे. ते मिळवा, एका स्कूलला जोडून घ्या, आणि तोवर पैसे घेऊन शिकवू नका.

आता मुद्द्याचं. ब्रिटनमध्ये इन्स्ट्रक्टर व्हायला तीन परीक्षा असतात आणि तिसरीत परीक्षक मागच्या सीटवर बसून तुम्ही खऱ्या विद्यार्थ्याला कसं शिकवता ते तासभर बघतो. आपल्याकडे मागच्या सीटवर असं कोणी येऊन बसत नाही. म्हणून ती व्यवस्था आपली आपण करायची. स्कूलमध्ये लागलात की मालकाला सांगा, पहिले काही आठवडे मला मागे बसू द्या. जुना इन्स्ट्रक्टर शिकवतोय, तुम्ही मागे. वही घ्या आणि एकच गोष्ट टिपा: त्याचा पाय स्वतःच्या पेडलवर कधी गेला आणि त्याआधी तो काय बोलला. बऱ्याचदा दिसेल की काहीच बोलला नव्हता. पाय आधी गेला, मग 'अहो ब्रेक मारा ना!'

आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा रोग हा. इन्स्ट्रक्टरचा उजवा हात स्टेअरिंगवर, दोन्ही पाय क्लच-ब्रेकवर, आणि विद्यार्थी नुसता रेस देतोय. गाडी छान चालते. बाजारातून जाते, चौकातून वळते, तीन आठवड्यांनी विद्यार्थी खूष होऊन सर्टिफिकेट घेऊन घरी जातो आणि स्वतःची गाडी गेटमधून बाहेर काढताना चार वेळा बंद पाडतो. मग ती गाडी वर्षभर कव्हर घालून उभी. अशी 'शिकलेली' माणसं माझ्याकडे नव्याने शिकायला येतात, त्यांत बायका जास्त, कारण त्यांना चुका करायला घरचं कोणी गाडी देत नाही.

हाफ क्लचचंच घ्या. मोकळं सपाट मैदान, पेट्रोल गाडी, पहिला गिअर, रेसला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही. क्लच इतका हळू वर आणायचा की इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो आणि नाक किंचित उचललं जातं. तिथे पाय धरून ठेवा. गाडी मुंगीच्या चालीने निघेल. परत दाबा. पुन्हा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं फक्त एवढंच. या वेळात तुमचा पाय तुमच्या क्लचवर असता कामा नये. ड्युअल कंट्रोलमध्ये तुम्ही पेडल दाबलंत की विद्यार्थिनीच्या पायाखालचं पेडलही खाली जातं. तिला वाटतं आपणच दाबलं. पाऊल जे शिकणार होतं ते शिकायचं राहून जातं. गाडी बंद पडू द्या. मैदानात बंद पडलेल्या गाडीने कोणाचं काही बिघडत नाही.

एक गंमत सांगतो. दोन्हीकडची पेडलं जोडणारं कंट्रोल रॉडचं असेल तर तिने पेडल दाबलं की तुमचंही हलतं. म्हणजे वाकून तिच्या पायाकडे बघायची गरज नाही, तुमच्या पायापुढचं पेडल बघितलं की तिचा पाय काय करतोय ते कळतं. कोण क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतंय, ते असं लगेच सापडतं. केबलचं असेल तर हा फायदा नाही, उलट केबल ढिली पडते. रोज सकाळी पहिल्या विद्यार्थ्याआधी इंजिन चालू करून तुमच्या बाजूचा ब्रेक एकदा पूर्ण दाबून बघा, मालक काही म्हणो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ताशी 30 च्या वेगाला गाडी सेकंदाला आठ मीटरहून जास्त जाते. तुम्ही बोललात, तिने ऐकलं, समजलं, पाय उचलून ब्रेकवर नेला, यात नवशिक्याचे दोन सेकंद सहज जातात. म्हणजे सोळा-सतरा मीटर, एकामागे एक लावलेल्या चार वॅगनआर. 'ब्रेक!' हे तुम्ही खड्ड्यापाशी आल्यावर म्हणालात तर उपयोग शून्य. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे रांगेने निघतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. तो लांबवर दिसला की मी 'पुढे काय दिसतंय?' विचारतो. ती म्हणते, ट्रॅक्टर. 'त्याचा स्पीड किती असेल?' कमी. 'मग?' ती आपोआप रेसवरून पाय काढते. इथे ब्रेक हा शब्दच आला नाही, आणि उद्या मी शेजारी नसताना तिला हेच तीन प्रश्न आठवतील. प्रश्न विचारायला वेळ मिळतो, कारण मी तिच्याही पुढे बघत असतो. इन्स्ट्रक्टरची नजर विद्यार्थ्यापेक्षा निदान दुप्पट लांब हवी. आरशाचंही तसंच: तिचा आरसा तिच्या डोळ्यांसाठी लावलेला असतो, तुम्हाला त्यातून मागचं दिसणार नाही. काचेला चिकटवायचा वेगळा छोटा आरसा स्वतःच्या पैशाने घ्या.

वळायला सांगताना आधी जागा, मग दिशा. 'पुढे मेडिकल आहे ना, त्याच्या पुढच्या चौकात, डावीकडे.' 'डावीकडे' हा शब्द आधी तोंडातून गेला की काही जण तिथेच, मेडिकलच्या पायरीवर गाडी नेतात. आणि घाबरलेल्या माणसाचं डावं-उजवं हमखास उलटं होतं. त्यांना मी 'माझ्या बाजूला' आणि 'तुमच्या बाजूला' असं सांगतो. त्यात गोंधळ होत नाही.

तिसरं, स्कूटी चालवणाऱ्यांचं. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी स्कूटीवर तरबेज असतील. त्यांना रस्त्याची भीती नसते, गाडीच्या डाव्या अंगाची असते. डावं चाक कुठे आहे याचा अंदाजच नसतो, म्हणून त्या रस्त्याच्या मधोमध चालवतात. तोंडाने कितीही सांगा, सुधारत नाही. मैदानात खडूने रेघ मारा. तिला म्हणा, डावं चाक रेघेवर आणून थांबवा. थांबली की हॅंडब्रेक लावून तिला खाली उतरवा आणि चाक बघायला लावा. रेघ चाकापासून हातभर लांब राहिलेली असते. परत बसायचं, परत आणायचं, परत उतरून बघायचं. पाच-सहा वेळा चढ-उतार केली की बॉनेटवरची कुठली जागा रेघेला लागली की चाक बरोबर येतं, ते तिचं तिलाच सापडतं. तुम्ही ती जागा सांगू नका. तुमची उंची वेगळी, तिची वेगळी.

वेळेबद्दल. नियमाने हलक्या खासगी वाहनाचं प्रशिक्षण 21 दिवसांपेक्षा कमी नको आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग दहा तासांपेक्षा कमी नको. रोज अर्धा तास धरला तर 21 दिवसांत साडेदहा तास होतात, हिशेब बरोबर बसतो. पण तो अर्धा तास पूर्ण तिच्या हातात स्टेअरिंग असेल तरच. एका गाडीत तिघांना बसवून आळीपाळीने चालवायला दिली की कागदावर दहा तास आणि प्रत्यक्षात चार. फॉर्म 15 भरताना सही तुमची असेल, हे लक्षात ठेवा. तसंच, पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारणार, 'लायसन्स काढून देणार ना?' शिकवू, टेस्टची तयारी करून घेऊ, एवढंच उत्तर द्या. आमच्याकडे आलात की लायसन्स नक्की, असा समज करून देणं नियमाने बंद आहे. जमलं तर एकदा भोसरीला जाऊन तिथला टेस्टचा ट्रॅक बघून या. पुण्याच्या चारचाकीच्या टेस्ट तिथे होतात. एच आणि आठचा आकडा दुसऱ्या कोणाला चालवताना लांबून बघितला की कुठे चुकतं ते चांगलं कळतं.

फक्त बायकांना शिकवायचं म्हणालात. मागणी आहे, भरपूर आहे. माझ्याकडेच रोज कोणीतरी विचारतं, शिकवायला लेडीज आहेत का. पण सुरुवातीला पुरुष विद्यार्थीही घ्या. वीस वर्षांचा पोरगा पहिल्या दिवशीच चौथा गिअर टाकायला बघतो, त्याला आवरायचं कसं, हेही कळायला हवं. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: नवरा, भाऊ, सासरे, कोणीही मागच्या सीटवर नको. 'मी नुसता बसतो' म्हणतात आणि पहिल्या वळणाला 'अगं, घासली असती ना त्याला!' सुरू होतं. पुढच्या दहा मिनिटांत तिचे हात थरथरायला लागतात, मग तुम्ही कितीही चांगलं शिकवा.

पगाराचं गावोगावी वेगळं असतं, त्यावर मी बोलत नाही. पण नोकरी धरताना मालकाला दोन गोष्टी विचारा: एका वेळी गाडीत किती विद्यार्थी असतात, आणि गाडीचं डावीकडचं ब्रेक पेडल शेवटचं कधी तपासलं. पहिल्याचं उत्तर 'दोन-तीन' आलं आणि दुसऱ्याला तो हसला, तर दुसरं स्कूल बघा. कराडात काही एकच नाही.